गाऱ्हाण्यातली संमती

आमच्या वीज कंपनीत एक खातं आहे, त्याचं नाव 'समन्यायी ऊर्जा कक्ष'. हसू नका, मी तिथेच नोकरीला आहे. काम सांगायला सोपं: कोळशाची वीज हळूहळू कमी करायची, उन्हाची वाढवायची, आणि हे करताना गरिबाच्या अंगावर काही येऊ द्यायचं नाही. अंधेरीच्या ऑफिसात भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कोणीही मागे राहणार नाही'. त्याच्या बरोब्बर खाली बसून मी रोज डबा खायचे. हल्ली दुसरीकडे बसते.

आम्ही राहतो जोगेश्वरी पूर्वेला. वस्ती पाडून तिथेच उभ्या केलेल्या इमारती आहेत ना, त्यातल्या एकीत, सातव्या मजल्यावर, म्हणजे गच्चीच्या लगेच खाली. घरात मी आणि आई. आईचं नाव मालन. तिचे गुडघे गेलेत. आणि आमच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे एक सोंग आहे. सोसायटीला बिल झेपत नाही म्हणून ती फक्त सकाळी आणि संध्याकाळी चालते, त्यातही अर्ध्या वेळा मधल्या मजल्यावर अडकते. एकदा आई आत अडकली आणि इतकी घाबरली, की त्यानंतर तिने खाली उतरणंच सोडलं. खिडकीत बसते. खालचा मासळीवाला आज काय घेऊन बसलाय ते वरून बघते आणि मला फोन करून सांगते. तक्रार म्हणून कधी करत नाही. केली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

म्हणून आमच्या कक्षाने जेव्हा ठरवलं, की वस्तीतल्या इमारतींच्या गच्चीवर कंपनीच्या खर्चाने सोलर पॅनेल बसवायची आणि त्या विजेवर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे चालवायचे, वाचलेल्या बिलातून लिफ्ट दुरुस्त करायची, तेव्हा पहिली इमारत म्हणून मी आमचंच नाव पुढे केलं. यात चूक काय? काही नाही. आजही मला त्यात चूक वाटत नाही. चूक पुढे आहे.

आमच्या दारासमोरचं दार द्रौपदीमावशीचं. ती साताऱ्याकडची. नवरा धोंडिराम महापालिकेत होता, तो गेला. मावशीने त्यानंतर वाळवणाचं काम धरलं. पापड, कुरडया, सांडगे, आणि वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आमची गच्ची तिची असते. हा काही लिहिलेला हक्क नाही. चावी तिच्याकडे असते आणि कुणी मागत नाही, एवढंच. एमआयडीसीतल्या ऑफिसांमधल्या बायका तिच्याकडून कुरडया घेऊन जातात. त्या चार महिन्यांवर तिचं वर्ष निघतं. मी शाळेत असताना आई कामावर असायची, तेव्हा मी जेवायचे मावशीकडे. तिच्या हाताचं झणझणीत कालवण खाऊन नाक पुसत गृहपाठ केलाय मी. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, हाच तर वांधा आहे.

योजनेचा नियम होता, की इमारतीतल्या प्रत्येक घराला विचारायचं. सभा घ्यायची, शंका ऐकायच्या, मग संमती. मी सभा बोलावली. लोक आले, पार्किंगवरून भांडले आणि निघून गेले. परत बोलावली. या वेळी पाण्यावरून भांडले. नितेश म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, माझ्याच वयाचा, तो म्हणाला, "यार श्रुतिका, ही पब्लिक अशी नाही ऐकणार. सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला सगळे असतात. तिथे उरकून टाक ना."

आणि मला सुचलं. कोकणातल्या पोरीलाच सुचेल असं सुचलं. गाऱ्हाणं.

आमच्याकडे पूजा झाली की घरातला किंवा गावातला वडीलधारा माणूस देवापुढे नारळ ठेवतो, हात जोडतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पोरंबाळं म्हणतात, दारू पिऊन आलेला म्हणतो, भावाशी कोर्टात भांडणारा भाऊसुद्धा म्हणतो. गाऱ्हाण्यात 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नाही. मी लहानपणापासून ऐकलीत ती गाऱ्हाणी, एकदाही कुणी 'नाही' म्हणालेलं मला आठवत नाही.

आमच्या इमारतीत गाऱ्हाणं गुणाजीकाका घालतात. गिरणीत होते, आता घरी असतात, पण आवाज अजून भोंग्याच्या तोडीचा. मी आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले. "काका, उद्या आमच्या सोलरचं पण घाला ना गाऱ्हाण्यात."

"तां काय असता गो?"

मी सांगितलं. काका विचारात पडले. "म्हणजे वरसून ऊन येतला आणि मालन लिफ्टीतसून खाली येतली?"

"हो काका."

"मगे घालतंय. देवाक सांगूक काय जाता?"

देवाला सांगायला काही जात नाही, खरंच आहे. त्यांनी देवाला सांगितलं. माणसांना सांगायचं काम माझं होतं.

सव्वीस जानेवारीला खाली जिन्याच्या तोंडाशीच मांडव. दर वर्षी तिथेच घालतात, दुसरी जागाच नाही. आमची कोकणातली घरं सगळी हजर. इमारतीतली बरीच घरं, मावशीचंही, बौद्ध आहेत, ती पूजेला येत नाहीत. त्यावरून कधी वाद झालेला नाही, चौदा एप्रिलला मिरवणुकीत आम्ही पाणी वाटतो, सत्यनारायणाला ते आपापल्या घरी असतात. हीच रीत आहे. त्या दिवशी जी घरं मांडवात नव्हती त्यांना सोलर म्हणजे काय हेसुद्धा कुणी सांगितलेलं नव्हतं.

काका उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी जी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत, तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही आमची श्रुतिका जो काय सूर्यनारायणाचो उजेड आमच्या घरात हाडूक बघता, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, खोटं नाही बोलत.

"आणि जो कोण ह्या कामाक आडवो येयत, तेका वाटेवरसून बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा. आणि तेवढ्यात माझं लक्ष जिन्याकडे गेलं. द्रौपदीमावशी तिथे उभी होती. कांडपाच्या गिरणीतून मसाला कुटून आणला होता, कडेवर डबा होता, मांडवातून मागच्या बाजूने ती जिन्यापर्यंत आली होती आणि मध्येच बोलणं चालू झालं म्हणून थांबली होती. आमचं आटपेपर्यंत पायऱ्या चढून आवाज करायचा नाही, एवढी तिची रीत. तिने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल वर केला आणि व्हिडिओ काढायला लागले.

बस, तेवढंच. त्या वेळी मी तिच्यापाशी गेले असते, 'मावशी, गच्चीचं काय ते आपण बोलू' असं म्हणाले असते, तर काही बिघडलं नसतं. पण तिने 'नाही' म्हटलं असतं तर? मला ते ऐकायचं नव्हतं. मला आईला खाली उतरलेली बघायची होती.

नितेशने पाठीत थाप मारली. "झकास! सर्वानुमते मंजूर. लिहू ना तसं?"

"लिही," मी म्हटलं.

माधुरी मॅडम आमच्या कक्षाच्या प्रमुख. त्यांना मी तो व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या खुर्चीतून पुढे आल्या. "श्रुतिका, अगं हे किती सुंदर आहे! लोकांच्या परंपरेतून लोकांचा सहभाग." तो व्हिडिओ मग वरच्या साहेबांच्या मीटिंगमध्ये लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून 'थँक्यू, थँक्यू' केलं. निर्लज्ज कुठली.

मार्चमध्ये आमचा इंजिनिअर गच्ची मोजायला आला. मी त्याच्याबरोबर वर गेले. सगळी गच्ची भरलेली होती. जुन्या साड्यांवर कुरडया, एका बाजूला लालभडक मिरच्या, कडेला पापडांच्या रांगा, आणि मधोमध डोक्यावर पदर घेऊन काठी हातात धरून कावळे हाकणारी मावशी. इंजिनिअर पापडांच्या मधून पाय वाचवत वाचवत टेप टाकायला लागला. चांगला मुलगा होता, एकाही पापडावर पाय दिला नाही त्याने.

"हे सगळं हलवतील ना?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "हो, ते होईल." मराठीत 'ते होईल' हे फार सोयीचं आहे. कोण करणार ते सांगावंच लागत नाही.

मावशी जवळ आली. "श्रुते, किती जागा लागंल गं ह्याला?"

"सगळीच लागेल मावशी. नाहीतर लिफ्टला पुरणार नाही."

"आन् किती दिवस ठेवायचं?"

"पंचवीस वर्षं टिकतात ती."

मावशी हसली. "म्हंजे माझ्या पुढं." मग ती पापड उलटायला लागली. मला वाटलं, आता बोलेल, आता ओरडेल, 'तू माझ्या ताटात जेवलीस' असं काहीतरी म्हणेल. तिने फक्त मला एक कच्ची कुरडई दिली, लहानपणी द्यायची तशी, आणि म्हणाली, "मीठ बघ गं." मीठ बरोबर होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "द्रौपदीक इचारलंस?"

"सगळ्यांनी हो म्हटलंय आई."

"तां माका म्हायत आसा. तू तिका इचारलंस काय, तां मी इचारतंय."

"विचारलं," मी म्हटलं. आईशी खोटं बोलले. त्यानंतर रोज दार उघडताना मी आधी समोरच्या दाराचा कानोसा घ्यायचे, मावशी बाहेर नाही ना ते बघायचे, मग बाहेर पडायचे. स्वतःच्याच मजल्यावर चोरासारखी वावरत होते. ऑफिसात बसून 'वंचित घटकांवर होणारा परिणाम' अशा मथळ्याखाली 'नाही' असा शब्द टाइप करताना मावशीची गच्ची डोळ्यांसमोर होती. पण टाइप केलाच ना? केलाच.

एप्रिलमध्ये अंधेरीला जनसुनावणी होती. मोठा योजना-आराखडा मंजूर करण्याआधी कंपनीला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, त्यासाठी एक हॉल घेतला होता. माधुरी मॅडमना वाटलं, आमच्या इमारतीचं कुणीतरी तिथे बोललं तर छान होईल. नितेशने परस्पर मावशीला आणलं. "गच्ची वापरणारी तीच आहे ना, ती बोलली की विषयच संपला," असं म्हणाला. मला मावशी दिसली ती थेट हॉलच्या दारात. तिने धुवट पांढऱ्या काठाची निळी साडी नेसली होती, केस तेल लावून चापून बसवले होते. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

मॅडमनी माइक स्वतः तिच्यापर्यंत नेला. मला हे मान्य करायला हवं, की त्यांनी मनापासून विचारलं. "द्रौपदीताई, तुम्ही गच्चीवर काम करता असं कळलं. पॅनेल बसली तर तुमची काही हरकत आहे का? मोकळेपणाने सांगा."

मावशी उभी राहिली. माइक कसा धरायचा ते तिला कळेना, मॅडमनी धरला. "न्हाई साहेब. माझी काय हरकत न्हाई. बसवा तुमी."

टाळ्या. नितेशने लांबून मला अंगठा दाखवला.

मला राहवलं नाही. इतके महिने गिळलेलं सगळं वर आलं. मी कंपनीच्या बाजूच्या खुर्चीवरून उठले आणि बोलायला लागले, माइक नसतानाच. म्हटलं, हे खरं नाही. या बाईला कुणी विचारलेलंच नाही. आमच्या पूजेत गाऱ्हाणं घातलं आणि 'व्हय म्हाराजा' म्हटलं त्यालाच मी संमती म्हणून दाखवलं. जी घरं पूजेला येतच नाहीत तीही त्यात मोजली. ती जिन्यात उभी होती, मी तोंड फिरवलं. पॅनेल बसली तर हिचा धंदा बसणार, आणि मी कागदावर लिहिलं की कुणावर परिणाम नाही. मी बोलत होते आणि रडत होते. माधुरी मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की या इमारतीचा प्रस्ताव आम्ही तूर्त बाजूला ठेवतो.

मी खाली बसले आणि मला बरं वाटलं. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मान ताठ झाली. मी म्हटलं, चला, निदान आज तरी आपण माणसासारखे वागलो.

परतताना मी मावशीला रिक्षात घातलं. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. ती कोपऱ्याला सरकून बसली आणि जोगेश्वरीचा पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तोवर माझ्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस चालू झाला होता. 'आपल्या लिफ्टची वाट लावली एका बाईने.' 'पापड महत्त्वाचे की म्हातारी माणसं?' एकाने तर मावशीचं नावच लिहिलं होतं. मी मोबाइल पालथा घातला.

"वाचलंय मी," मावशी म्हणाली. "माझ्या बी फोनवर येतंय ते."

"मावशी, मी सांगते ना सगळ्यांना, चूक माझी होती म्हणून."

"तू सांगशील. तूच सांगतीस सगळं." तिचा आवाज चढला. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "श्रुते, मी का आले होते गं तिथं? नितेशनं वढून आणलं व्हय मला? मी म्हातारी हाय, येडी न्हाई. मालन त्या खिडकीत बसून सुकत चाललीये, ती मला दिसती. रोज दिसती. मी चार रात्री इचार केला. म्हटलं, जाऊ दे, आपलं हात-पाय चालत्यात, दुसरं कायतरी बघू. मालनला खाली उतरू दे. मी माझं ठरवलं हुतं."

मी पालथा मोबाइल पर्समध्ये टाकला.

"जलमात पहिल्यांदा कुणी माइक धरून मला इचारलं, बाई, तुझं काय म्हणणं हाय? आन् मी सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं. तू उठलीस आन् म्हणालीस, हे खरं न्हाई. माझं खरं-खोटं तू कोण ठरवणार?"

"मला वाटलं, तू माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी? तुझा काय संबंध त्यात?" मावशी आता रडत होती, आणि ती रडताना मी आयुष्यात बघितली नव्हती, धोंडिरामकाका गेले तेव्हासुद्धा नाही. "तुझं मन हलकं झालं ना? झालं ना मोकळं? आता माझ्या दारावरनं जाताना लोक काय बघतील माझ्याकडं? मी चांगलं करायला गेले, तू मला आडवी आणून उभी केलीस. दोनदा केलंस, श्रुते. तवा बी न्हाई इचारलंस आन् आज बी न्हाई."

रिक्षा जोगेश्वरीला पोचली. ती उतरली, तिच्या वाटणीचे पैसे तिने रिक्षावाल्याच्या हातात दिले आणि लिफ्टकडे न बघता जिना चढायला लागली. मी खाली उभी राहिले. मला वर जायची हिंमत होईना. वर गेल्यावर आई विचारणार होती.

आईने विचारलं. मी सगळं सांगितलं, ते आधीचं खोटंसुद्धा. आईने ऐकून घेतलं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुका कशाक गो शिकवलंय मी एवढा?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. माधुरी मॅडम माझ्यावर खवळल्या, आणि बरोबरच खवळल्या. पण शेवटी म्हणाल्या, प्रस्ताव रद्द नाही केलेला, बाजूला ठेवलाय. जा, आणि जे जानेवारीत करायला हवं होतं ते आता कर. दारोदार जा, एकटी जा, नितेशला नेऊ नकोस. मी दुपारीच निघाले.

तळमजल्यापासून सुरुवात केली. पॅनेल म्हणजे काय, लिफ्टला काय होईल, गच्चीचं काय होईल, सगळं सांगत गेले. काही जणांनी शिव्या घातल्या, त्याही ऐकल्या. एका घरातल्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "पूजेत ठरलं म्हणता. मग आम्हाला कशाला विचारता आता?" मी म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "बसा." त्यांच्या घरात मी कधी गेलेच नव्हते. इतकी वर्षं एकाच इमारतीत राहून.

सगळ्यात शेवटी सातवा मजला. मी मावशीचं दार वाजवलं. आमचं दार समोरच, उन्हाळ्यामुळे सताड उघडं, आणि आत पलंगावर आई. तिला सगळं ऐकू जाणार हे मला माहीत होतं. मी दार लोटून घेऊ शकले असते. नाही घेतलं.

मावशीने दार उघडलं. हात पिठाने भरलेले होते.

मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. गच्ची सगळी जाईल हेही सांगितलं. मग विचारलं, "द्रौपदीबाई, तुमचं काय म्हणणं आहे?" तिला 'तुम्ही' म्हणताना माझी जीभ अडखळली.

"न्हाई," मावशी म्हणाली.

मी पेन कागदाला टेकवलं, पण लिहिलं नाही.

"लिही की. काल हो म्हणाले हुते ते मालनसाठी. आज न्हाई म्हणतीये ते तुझ्यासाठी. तुला 'न्हाई' ऐकायची सवय व्हायला पायजे."

मी लिहिलं. तिच्या नावापुढे 'नाही' असं लिहिलं आणि तिला दाखवलं. तिने वाचलं, मान हलवली. माझ्यामागे पलंग कुरकुरला. आई उठली होती. भिंतीला हात लावत, चौकटीला धरत, एकेक पाऊल टाकत ती आमच्या दारापर्यंत आली. मी धरायला गेले, तर तिने माझा हात झटकला. मधली तेवढी जागा ती एकटी चालली आणि मावशीच्या चौकटीला टेकून उभी राहिली. धाप लागली होती तिला.

"द्रौपदे," आई म्हणाली, "माका खाली उतरूचा आसा. खोटा कित्याक सांगू? खिडकीत बसान बसान माझो जीव इटलो. पण तुझ्या वाळवणार पाय देवन नाय उतरूचा माका. अर्धी गच्ची मागतंय तुझ्याकडे. देशील तर दी. नाय देलंस तरी मी तुझ्या दारात येतलंय."

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि आईच्या काखेत घातला.

"आधी बस मालन. उभ्यानं असल्या गोष्टी हुत न्हाईत." तिने आईला आत नेऊन खुर्चीत बसवलं, पंखा मोठा केला, माठातलं पाणी दिलं. आई पाणी प्यायली. दोघी काहीतरी हळू बोलायला लागल्या. मला ऐकू येईना, म्हणून मी उंबऱ्यापर्यंत पुढे झाले. अर्ध्या गच्चीत लिफ्ट चालेल का, याचा हिशेब मला सांगायचा होता, चालवता येईल, सकाळ-संध्याकाळऐवजी थोडा जास्त वेळ, बघता येईल. माझ्या तोंडाशी आलं होतं ते.

मावशीने मागे वळून बघितलं. रागावलेली नव्हती ती. तेच मला सोसेना.

"तू जा गं आता," ती म्हणाली. "आमी बोलतो." आणि तिने दार लोटून घेतलं.